दातांवरून ओळख आणि मुलांना झालेली मारहाण: दवाखान्यातल्या डेंटिस्टने काय बघायचं, काय लिहून ठेवायचं?

ओजस:
रोज खुर्चीवर पेशंट बघणाऱ्या, न्यायवैद्यकाशी एरवी संबंध न येणाऱ्या डेंटिस्टांसाठी एक टिपण तयार करतोय. पाठ्यपुस्तकात इतिहास आणि व्याख्या भरपूर मिळतात, पण प्रत्यक्ष करायचं काय हे दोन ओळींत उरकलेलं असतं. म्हणून जाणकारांना तीन प्रश्न:

१. एखाद्याचा मृतदेह ओळखण्यापलीकडे गेला आणि त्याच्या दातांच्या नोंदी आपल्याकडे मागितल्या, तर त्या उपयोगी पडतील की नाही हे कशावर ठरतं? नोंदी असूनही जुळवणी अडते ती कुठे?

२. लहान मूल ओठ फुटून किंवा दात हलतोय म्हणून येतं. घरचे सांगतात, पडलं. ते खरं वाटावं की न वाटावं, हे ठरवताना तोंडात आणि तोंडाबाहेर काय बघायचं?

३. अंगावरच्या चाव्याच्या खुणेवरून चावणारा माणूस ओळखता येतो असं अजूनही शिकवलं जातं. त्यात आज कितपत तथ्य आहे?

न्यायदंत:
पहिल्या प्रश्नाबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण जुळवणीचं काम कसं चालतं हे कळलं की नोंदी कशा हव्यात ते आपोआप कळतं.

मोठ्या दुर्घटनेत इंटरपोलच्या पद्धतीनुसार ओळख पटवायची प्रमुख साधनं तीनच: बोटांचे ठसे, दात आणि डीएनए. कपडे, दागिने, गोंदण, नातेवाइकांनी चेहरा ओळखणं हे सगळं पूरक. मृत्यूपूर्वीची माहिती पिवळ्या फॉर्मवर भरतात, मृतदेहाच्या तपासणीची गुलाबी फॉर्मवर. हे दोन गट एकमेकांपासून वेगळे काम करतात. मृतदेहाचे दात नोंदवणाऱ्याला जुना तक्ता (दातागणिक नोंद) आधी दाखवायचा नाही, नाहीतर जे अपेक्षित आहे तेच दिसायला लागतं. तपासणीच्या वेळी एकाने बघून मोठ्याने सांगायचं, दुसऱ्याने लिहायचं, मग दोघांनी जागा बदलून पुन्हा पडताळायचं. दात पाण्याने आणि मऊ ब्रशने साफ करून, कोरडे करून फोटो, तक्ता आणि एक्स-रे. दाताच्या रंगाचं कॉम्पोझिट फिलिंग थकलेल्या डोळ्यांना हमखास चुकतं. त्यासाठी ३६५ ते ३९५ नॅनोमीटरचा अतिनील टॉर्च वापरतात. बहुतेक कॉम्पोझिट त्या उजेडात दातापेक्षा वेगळं चमकतं.

मग दोन्ही फॉर्म शेजारी ठेवून फरक तपासायचे. फरक दोन तऱ्हेचे असतात. जुन्या नोंदीत खालच्या डाव्या पहिल्या दाढेत साधं फिलिंग आहे आणि मृतदेहात तिथे रूट कॅनाल करून कॅप बसवलेली आहे, तर तो फरक समजण्यासारखा. मधल्या काळात काम झालं असणार. पण जुन्या नोंदीत ती दाढ काढलेली आहे आणि मृतदेहात शाबूत आहे, तर ती व्यक्ती ही नव्हे. मात्र असा निष्कर्ष काढण्याआधी एक्स-रे बघायचाच. पहिली दाढ लहान वयात काढली की दुसरी दाढ पुढे सरकून त्या जागेत येते, आणि घाईत तिचीच नोंद पहिली दाढ म्हणून होते. अशा एका चुकीमुळे बरोबर जुळणारी फाइल बाजूला पडते.

किती मुद्दे जुळले म्हणजे ओळख पक्की, असा ठरलेला आकडा नाही. एकाच दाताच्या मुळाचा बाक, त्यातल्या रूट कॅनालच्या भरावाचा आकार आणि आजूबाजूच्या हाडाची जाळी दोन्ही एक्स-रेंत तंतोतंत बसली तर तेवढंही पुरतं. उलट 'सगळे दात आहेत, एकही फिलिंग नाही' असे दोन तक्ते जुळले तरी त्यावरून फार तर 'शक्य आहे' एवढंच म्हणता येतं. २००४ च्या त्सुनामीनंतर थायलंडमध्ये पहिल्या काही महिन्यांत ज्यांची ओळख पटली, त्यांतल्या बहुतेकांची दातांवरूनच पटली. मुलांच्या बाबतीत मात्र हीच पद्धत तोकडी पडली, कारण त्यांच्या तोंडात उपचार झालेले दात फार कमी असतात आणि जुने एक्स-रे त्याहून कमी.

आगीबद्दल थोडं वेगळं सांगायला हवं. १८९७ साली पॅरिसच्या बझार द ला शारिते आगीत १२६ माणसं गेली आणि त्यांतल्या बऱ्याच जणांची ओळख त्यांच्या डेंटिस्टांनी पटवली. तेव्हापासून 'दात जळत नाहीत' असं सर्रास म्हटलं जातं. ते अर्धवट खरं आहे. इनॅमलमध्ये वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असलं तरी ताप वाढतो तसा दात आधी पिवळट-तपकिरी, मग काळा, मग राखाडी आणि शेवटी खडूसारखा पांढरा होतो. त्या अवस्थेतला दात नुसत्या बोटाच्या धक्क्याने चुरतो. पुढचे दात ओठ जळाले की उघडे पडतात, आतल्या ओलाव्याची वाफ होऊन त्यांचा वरचा भाग तडकतो आणि हिरडीपाशी नुसतं मूळ उरतं. गाल आणि जिभेमुळे दाढा बऱ्याच वाचतात. घटनास्थळी डोकं हलवण्याआधी जागेवरच फोटो काढायचे, दातांवर पारदर्शक अ‍ॅक्रिलिक स्प्रे किंवा सायनोअ‍ॅक्रिलेट (झटपट चिकटणारा डिंक) देऊन ते घट्ट करायचे आणि डोकं वेगळं गुंडाळायचं. तसं न करता मृतदेह पिशवीत घातला तर शवागारात पोचेपर्यंत पुरावा पिशवीच्या तळाशी भुकटी होऊन पडलेला असतो. टायटॅनियमचा वितळणबिंदू १६६८ अंश सेल्सिअस आहे, त्यामुळे इम्प्लांट (दाताच्या जागी हाडात बसवलेला टायटॅनियमचा स्क्रू) बहुधा शाबूत सापडतो. म्हणून इम्प्लांटची कंपनी, व्यास, लांबी आणि बॅच क्रमांक फाइलमध्ये चिकटवून ठेवा. पाकिटावर त्याचं स्टिकर असतंच, ते फेकून देऊ नका.

तिसरी_दाढ:
न्यायदंत यांच्या प्रतिसादाला नोंदींच्या बाजूने जोड. जुळवणी अडते ती बहुतेक वेळा या गोष्टींवर:

क्रमांकपद्धत लिहिलेली नसते. नुसता '१८' हा आकडा एफडीआय या आंतरराष्ट्रीय क्रमांकपद्धतीत वरची उजवी अक्कलदाढ, आणि अमेरिकेत चालणाऱ्या युनिव्हर्सल पद्धतीत खालची डावी दुसरी दाढ. तक्त्याच्या कोपऱ्यात पद्धतीचं नाव छापून टाका आणि पाठवताना दात शब्दातही लिहा.

एक्स-रे उलटा होतो. फिल्मची बाजू दाखवणारा उठलेला ठिपका कुठे आहे ते न बघता स्कॅन केलं की डावं उजवं होतं. डिजिटलमध्येही प्रतिमा 'फ्लिप' करून सेव्ह होते. एक्स-रेवर तारीख, बाजू आणि पेशंटचं नाव प्रतिमेतच हवं, फक्त फाइलच्या नावात नको. फाइलचं नाव पहिल्याच ईमेलला बदलतं.

फक्त आपण केलेलं काम लिहिलं जातं. रूट कॅनालला आलेल्या पेशंटच्या कार्डावर एकाच दाताची नोंद असते, उरलेल्या तोंडात काय आहे त्याचा पत्ता नसतो. पहिल्या भेटीत संपूर्ण तोंडाचा तक्ता भरा: असलेले, नसलेले, फिरलेले, जागा सोडून आलेले दात, प्रत्येक फिलिंग कुठल्या पृष्ठभागावर आणि कशाचं. दोन बाईटविंग (वरच्या-खालच्या दाढांचे छोटे एक्स-रे) किंवा एक ओपीजी (संपूर्ण जबड्याचा एक्स-रे) उपचाराच्या गरजेनुसार घेतलेला असतोच, तो जपा. फक्त ओळखीसाठी म्हणून जिवंत माणसाला जादा किरणोत्सर्ग देऊ नका.

प्लास्टरचे साचे, अलाइनरची (दात सरळ करायच्या पारदर्शक साच्याची) फाइल, तोंडाचा डिजिटल स्कॅन, हसऱ्या चेहऱ्याचे आधी-नंतरचे फोटो ही सगळी कामाची सामग्री. ज्याची दंतनोंदच नाही अशा माणसाचा दात दिसणारा मोबाइलवरचा हसरा फोटोसुद्धा वापरला जातो. पुढच्या दाताचा तुटलेला कोपरा किंवा दोन दातांमधली फट त्यात स्पष्ट दिसते.

कवळीवर नाव घाला. आतल्या, टाळूला न टेकणाऱ्या बाजूला नाव किंवा नोंदणी क्रमांकाची पट्टी ठेवून वर पारदर्शक अ‍ॅक्रिलिकचा थर द्यायचा. प्रयोगशाळेला दहा मिनिटांचं काम आहे आणि दात नसलेल्या वृद्धांसाठी दुसरी सोय जवळपास नसते.

नोंदी मागायला पोलीस आले तर मूळ द्यायच्या की प्रत, हे तिथल्या कायद्यावर ठरतं. मूळ द्यावं लागलंच तर आपल्याकडे पूर्ण प्रत ठेवून, काय काय दिलं त्याची यादी करून, घेणाऱ्याची सही, हुद्दा, तारीख आणि वेळ घ्या. आणि देण्याआधी जुन्या नोंदीत काहीही 'दुरुस्त' करू नका. चूक आढळली तर वेगळ्या कागदावर आजची तारीख घालून लिहा.

मंजिरी:
मुलांबद्दल मी लिहिते. ओजस, हा भाग तुमच्या टिपणात सगळ्यात मोठा असावा असं मला मनापासून वाटतं. मृताची ओळख पटवण्याची वेळ बहुतेक डेंटिस्टांवर कधीच येत नाही, पण मार खाल्लेलं मूल कधी ना कधी प्रत्येकाच्या खुर्चीवर बसतं. शारीरिक छळाच्या निम्म्याहून अधिक प्रकरणांत इजा डोकं, चेहरा किंवा मानेवर असते. आपण तिथेच, हातभर अंतरावर, चांगल्या उजेडात बघत असतो.

मूल खोलीत येतं तिथून बघायला सुरुवात करा. चालतं कसं, बसताना कुठे दुखतं का, सोबतच्या माणसाकडे बघून मगच उत्तर देतं का. खुर्ची मागे केली की आपण डोक्यामागे असतो, आणि त्या जागेवरून डोक्याची त्वचा, कानांची मागची बाजू, मान, जबड्याचा कोन हे सगळं दिसतं. केस उपटल्याने पडलेली विरळ जागा, कानाच्या पाळीवरचं काळंनिळं, मानेभोवतीचा वळ तिथूनच दिसतो. त्यासाठी मुद्दाम काही करावं लागत नाही. लाइट लावताना दोन सेकंद कानामागे नजर टाकायची.

खेळताना पडलेल्या मुलाला लागतं ते हाडाच्या उंचवट्यावर: कपाळ, नाक, हनुवटी, कोपर, गुडघा, नडगी. गालाचा मऊ भाग, कान, मान, पापणी, जबड्याचा कोन या जागा पडताना सहसा वाचतात. चार वर्षांखालच्या मुलांसाठी टेन-फोर-फेसेस-पी नावाचा नियम आहे: धड, कान किंवा मानेवर काळंनिळं, ओठाच्या किंवा जिभेच्या पट्टीला इजा, जबड्याचा कोन, गालाचा मऊ भाग, पापणी किंवा डोळ्याच्या पांढऱ्या भागात रक्त, किंवा कुठेही नक्षी उमटलेला वळ. पाच महिने पूर्ण न झालेल्या बाळाच्या अंगावर कुठेही काळंनिळं दिसलं तरी तो धोक्याचा इशारा धरायचा. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पडताळणीत या नियमाची संवेदनशीलता ९५ टक्के आणि विशिष्टता ८७ टक्के निघाली. म्हणजे खरी प्रकरणं यातून क्वचित सुटतात, पण निर्दोष घरंही यात अडकू शकतात. हा चाळणीचा नियम आहे, निकालाचा नव्हे.

आता तोंडात. वरचा ओठ हलकेच उचलून मधली पट्टी, म्हणजे फ्रेनम, बघा. नुकतं चालायला लागलेलं मूल तोंडावर आपटलं की ती फाटू शकते, त्यात नवल नाही. पण जे बाळ अजून रांगतही नाही त्याची पट्टी फाटली असेल, तर स्वतःहून पडण्याचा प्रश्नच येत नाही. बाटली किंवा चमचा जबरदस्तीने कोंबणं, रडणं थांबवायला तोंड दाबणं, तोंडावर फटका, ही कारणं आधी मनात यायला हवीत. मग जीभ उचलून तिच्याखालची पट्टी बघा. ओठांच्या आतल्या बाजूला दातांचे ठसे उमटलेत का, तोंडाच्या कोपऱ्यांतून मागे जाणारे वळ आहेत का (तोंड बांधल्याची खूण), टाळूच्या कडक आणि मऊ भागाच्या सीमेवर लालसर ठिपके आहेत का. हे ठिपके घशाच्या संसर्गात, जोरात खोकल्याने किंवा उलटीनेही येतात. पण कारण सापडत नसेल तर लैंगिक अत्याचाराची शक्यता नजरेआड करू नका, आणि अशा मुलाला तातडीने बालरोगतज्ज्ञाकडे पाठवा. आधीच काळा पडलेला पुढचा दात, एक्स-रेत दिसणारं जुनं, भरून आलेलं मुळाचं फ्रॅक्चर आणि आज नवी इजा, असं एकत्र दिसलं तर घटना एकदाच घडलेली नाही.

दोन इशारे. वळाच्या रंगावरून तो किती दिवसांचा आहे हे सांगता येत नाही, हिरवट-पिवळा म्हणजे इतके दिवस असे तक्ते विसरून जा. दुसरं, अत्याचारासारखं दिसणारं सगळं अत्याचार नसतं. सिगारेटचा चटका साधारण ८ ते १० मिलिमीटरचा, कडा रेखीव असलेला गोल असतो, पण त्वचेचा साधा पुरळ-संसर्गही तसा दिसू शकतो. हिमोफिलिया, प्लेटलेट कमी असणं, रक्ताचा कर्करोग यांत किरकोळ कारणाने काळंनिळं होतं. जन्मतः असलेले निळसर डाग वळ समजले जातात. हे वेगळं काढणं बालरोगतज्ज्ञाचं काम. त्यासाठी वाट बघत संशय दाबून ठेवायचा नाही, त्याच दिवशी त्यांच्याकडे पोचवायचा.

ओजस:
मंजिरी, फार उपयोगी. पण खोलीत आई-बाबा समोर असताना विचारायचं कसं? आणि कार्डावर 'अत्याचाराचा संशय' असं लिहायचं का?

मंजिरी:
विचारणं म्हणजे उलटतपासणी नव्हे. सोबतच्या माणसाला आणि मुलाला जमल्यास वेगवेगळं विचारा. एक्स-रेसाठी मुलाला आत नेणं ही सहज सापडणारी संधी असते, पण तेव्हा मदतनीस सोबत असू दे. प्रश्न मोकळा ठेवा: 'काय झालं ते सांगतोस का?' 'बाबांनी मारलं का?' असं कधीही विचारू नका. असं सुचवलेलं उत्तर पुढे न्यायालयात टिकत नाही आणि मुलाची गोष्टही त्याने गढूळ होते. मूल काही बोललं तर ऐका, पुन्हा पुन्हा वदवून घेऊ नका, आणि 'मी कुणाला सांगणार नाही' असं वचन देऊ नका. सांगावं लागणार आहे.

लिहायचं ते असं: कुणी आणलं, घटना कधी झाली म्हणतात, दवाखान्यात कधी आणलं, मधला वेळ किती. मुलाचे शब्द आणि मोठ्यांचे शब्द वेगवेगळे, अवतरणचिन्हांत, जसेच्या तसे. मग जे दिसलं ते मापासकट: 'डाव्या गालावर, तोंडाच्या कोपऱ्यापासून २ सेंमी मागे, तीन समांतर लालसर पट्टे, लांबी सुमारे ४ सेंमी.' याचा अर्थ पंजाची थप्पड हे बघणाऱ्याला कळतं. मत लिहायचंच तर वेगळ्या ओळीत: 'सांगितलेल्या घटनेशी ही इजा सुसंगत वाटत नाही, कारण...' आणि कारण द्या. सहा महिन्यांचं बाळ 'चालताना पडलं' हे कारण पुरेसं आहे.

साक्ष:
तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर स्पष्ट शब्दांत द्यायला हवे: चाव्याच्या खुणेवरून विशिष्ट व्यक्तीचे नाव घेणे आज शास्त्राला धरून नाही.

त्वचा लवचिक असते. चावताना शरीर कोणत्या स्थितीत होते, त्वचा किती ताणली गेली, नंतर सूज किती आली, यांवर खुणेचा आकार बदलतो. अमेरिकेतील नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या २००९ च्या अहवालाने या पद्धतीवर बोट ठेवले, २०१६ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या विज्ञान सल्लागार मंडळाने तेच सांगितले, आणि २०२२ मध्ये तेथील मानके संस्थेच्या आढाव्यात तिचे आधारच पुरेसे नसल्याचे म्हटले. पुढच्या दातांची ठेवण प्रत्येकाची अद्वितीय असते, ती त्वचेवर अचूक उमटते आणि तज्ज्ञ ती खात्रीने वाचू शकतो, या तिन्ही गृहीतकांना पाठबळ नाही. व्हर्जिनियात कीथ हारवर्ड यांनी अशा साक्षींच्या आधारे ३३ वर्षे तुरुंगात काढली आणि २०१६ मध्ये डीएनए चाचणीने ते निर्दोष ठरले. तज्ज्ञाच्या खुर्चीत बसणाऱ्याने हे प्रकरण कायम लक्षात ठेवावे.

मग डेंटिस्टने काय करायचे? चाव्यातली लाळ वाचवायची. जखम धुण्याआधी, पुसण्याआधी, मलम लावण्याआधी दोन स्वॅब घ्यायचे. पहिला निर्जंतुक पाण्यात भिजवून हलक्या हाताने गोल फिरवत, लगेच दुसरा कोरडा, त्याच जागेवर. पहिला स्वॅब वाळलेल्या पेशी सैल करतो, दुसरा उरलेला ओलावा टिपतो. दोन्ही हवेत पूर्ण वाळवून कागदी पाकिटात घालायचे. प्लास्टिकच्या पिशवीत ओल राहते आणि बुरशीने डीएनए नासतो. हे काम शक्यतो प्रशिक्षित पथकानेच करावे. ते लगेच येणार असेल तर आपण फक्त जागा अस्पर्श ठेवायची.

फोटोसाठी एल आकाराची मोजपट्टी, ज्यावर वर्तुळे छापलेली असतात ती, उत्तम. वर्तुळ फोटोत लंबगोल दिसले तर कॅमेरा तिरपा होता हे कळते. पट्टी जखमेच्याच पातळीत धरायची, वर किंवा खाली नाही. कॅमेरा काटकोनात. एक फोटो दुरून, शरीराचा कोणता भाग आहे हे कळेल असा, मग जवळून पट्टीशिवाय, मग पट्टीसह. २४ तासांनी पुन्हा घेतल्यास कधी कधी खूण अधिक ठळक झालेली असते.

मुलाच्या अंगावर चावा असेल तर 'भावंडाने चावले' हे ठरलेले उत्तर मिळते. दोन सुळ्यांमधले अंतर ३ सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल तर चावणारे मोठे माणूस असण्याचा संशय घ्यावा. हा संशय कळवण्यापुरता पुरेसा आहे, कुणावर आरोप करण्याइतका नाही. कुत्र्याच्या चाव्यात मांस फाटते, माणसाच्या चाव्यात ते दबते, हा फरकही नोंदवावा.

तिसरी_दाढ:
हेळसांडीचा मुद्दा राहिला. मारहाणीपेक्षा हीच जास्त दिसते. तोंडभर किडलेले दात म्हणजे लगेच हेळसांड नव्हे. पैसे, अंतर, अज्ञान, उपचाराची भीती ही कारणं खरी असतात. मूल दुखण्याने झोपत नाही, गालावर सूज आहे, घरच्यांना नीट समजावून सांगितलंय, उपचार त्यांच्या आवाक्यात आणून दिलाय, आणि तरीही आणत नाहीत, तेव्हा ती हेळसांड. म्हणून कार्डावर 'पेशंट आला नाही' असं न लिहिता 'मुलाला आणलं नाही' असं लिहा. मूल एकटं येऊ शकत नाही. सलग चुकलेल्या तारखा, प्रत्येक वेळी केलेला फोन आणि मिळालेलं उत्तर ओळीने मांडलं की चित्र दिसायला लागतं.

ओजस:
शेवटचा प्रश्न. संशय कळवायचा ठरला, तर क्रम काय?

मंजिरी:
आधी दुखणं थांबवा. रक्तस्राव, हललेला दात, फाटलेला ओठ यांवर उपचार करा, फक्त शक्य असेल तर फोटो आधी काढा. मूल त्याच रात्री धोक्यात असेल असं वाटलं तर घरी पाठवण्याआधीच फोन करा, पालकांना न सांगता. तसं नसेल तर पालकांना शांतपणे सांगा की अशी इजा दिसली की पुढे तपासणीसाठी पाठवणं आमचं काम आहे. आरोप करू नका. सांगितल्याने मुलावर राग निघेल अशी शंका आली तर सांगू नका.

मग बालसंरक्षण यंत्रणेला किंवा पोलिसांना फोन. अनेक देशांत डेंटिस्टवर हे कळवण्याचं कायदेशीर बंधन आहे, आणि त्यासाठी खात्री लागत नाही, वाजवी संशय पुरतो. फोन कुणी घेतला, किती वाजता, काय सांगितलं, त्यांनी पुढे काय करू म्हटलं हे कार्डावर. लेखी पत्र लगोलग, त्यात फोटोंच्या प्रती आणि इजांचा नकाशा. घरात आणखी लहान मुलं आहेत का तेही पत्रात लिहा, ही माहिती हमखास राहून जाते.

टाके बघायची तारीख नेहमीसारखीच द्या. त्या दिवशी मुलाला आणलं नाही, तर ज्या अधिकाऱ्याशी बोलला होतात त्यालाच त्याच दिवशी कळवा.